डेरीतला वेगळा कॅन

पाटोद्याजवळच्या एका गावात मी हायस्कूलला इतिहास शिकवायची. दुष्काळाचं साल होतं. गावाबाहेर चारा छावणी लागलेली, आणि टँकर आला की तास चालू असतानाच मुली घागरी आणायला पळायच्या.

दहावीला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा हक्कांसाठीचा लढा शिकवायचा होता. पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद. मी मात्र अख्खा तास घेतला. गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी शिवणकाम करणारी बाई, तिची अटक, आणि मग वर्षभराहून जास्त काळ बसमध्ये पाय न ठेवता चालत कामावर जाणारी माणसं. टँकरचा आवाज आला तरी त्या दिवशी कुणी उठलं नाही.

पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, तिथं कातडीवरून कळतं. इथं कशावरून कळायचं?"

"आडनावावरून कळतं की," मागून आवाज आला.

ती दलित वस्तीतली मुलगी होती. हजेरीलासुद्धा तिचं 'हजर' धड ऐकू यायचं नाही. ती उभी राहिली. "आमचं दूध डेरीत येगळ्या कॅनात वततात, मॅडम. समद्यांचं झाल्यावर."

मी बाहेरगावची, मला हे नवीन होतं. वर्गाला नव्हतं. मुलांनी माना खाली घातल्या.

मुलीनं तो धडा घरी सांगितला, घरातून तो वस्तीभर गेला. काही दिवसांत वस्तीतल्या बायकांनी डेरीत दूध घालणं बंद केलं. छावणीतल्या म्हशी आधीच आटत चाललेल्या, उरलेलं दूध त्या पहाटे पायी पाटोद्याला नेऊन हॉटेलांना घालू लागल्या.

दूध सोसायटीचे चेअरमन आमच्या शाळेच्या संस्थेवरही होते. ते शाळेत आले. आवाज चढवला नाही, चहासुद्धा घेतला. "मॅडम, कावून नको ते शिकवता पोरांना?"

"पुस्तकात आहे, साहेब."

"पुस्तकात लई काय काय हाय," ते म्हणाले आणि उठले. हेडमास्तर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला बदलीची भीती वाटत होती. तरी त्या लढ्याचा पुढचा भागही मी शिकवला.

एका सकाळी रस्त्यात त्या मुलीची आई भेटली. डोक्यावर दुधाची किटली, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेले. थांबून म्हणाली, "बाई, त्या तिकडच्या बायांच्या पायात चपला व्हत्या का हो?"

"असतील," मी म्हणाले. "पण झिजल्या असतील."

"आन् शेवटी बसू दिलं का त्यान्ला?"

"दिलं. कोर्टानं निकाल दिला."

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि चालू लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर डेरीत दूध इतकं कमी झालं की दूध न्यायची गाडी गावात यायची बंद होते की काय, असं झालं. तेव्हा सोसायटीचा सचिव वस्तीत गेला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं दूध एकाच कॅनात पडू लागलं. कुणी माफी मागितली नाही. वस्तीच्या दुधात आपलं मिसळायला नको म्हणून गावातल्या काही घरांनी स्वतःचं दूध घालणंच सोडलं, आणि विहिरीवर वस्तीचा नंबर पुढंही शेवटचाच राहिला.

ती मुलगी दहावी झाली आणि पुढं बीडला नर्सिंगला गेली. दहावीचा निकाल घ्यायला शाळेत आली होती, तेव्हा माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला मधेच धरलं.