मामांचा अणूवरचा संशय

माणसांवर संशय घेणारे पुष्कळ भेटतात, पण थेट अणूच्या केंद्रकावर संशय घेणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच, माझ्या बायकोचे मुलुंडचे मामा. मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो, हे लग्नात कळल्यापासून त्यांनी मला साक्षीदार म्हणून धरलं. भेटलो की आधी दार लावायचे आणि मग आवाज खाली आणून विचारायचे, "जावईबापू, प्रोटॉन एकमेकांना ढकलतात म्हणता, मग एवढ्याशा जागेत गुण्यागोविंदाने राहतात कसे?" मी सांगायचो की, अगदी जवळ आल्यावर त्यांना धरून ठेवणारं त्याहून मोठं बल असतं, न्यूट्रॉनही मदत करतात, पण काही केंद्रकांत हा मेळ बसत नाही, मग ती फुटतात आणि किरण बाहेर टाकतात. "कधी फुटतात?" एकेकट्याचं सांगता येत नाही, पण ठरावीक काळात त्यातली निम्मी फुटतात, असं मी म्हणालो. मामांनी लावलेलं दार पुन्हा एकदा तपासलं. "कोण जाणार ते माहीत नाही आणि निम्मे जाणार हे मात्र नक्की. आणि हे तुम्ही पोरांना शिकवता?"

पुढे त्यांनी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मागवलं. ओट्याचा ग्रॅनाइट, केळी, शेजाऱ्यांचं जुनं घड्याळ, सगळ्यांची झडती झाली. यंत्र रिकाम्या हवेतही टिकटिक करायचं, म्हणून विकणाऱ्याशी भांडण झालं. थोडा किरणोत्सर्ग सगळीकडेच असतो, जमिनीतून येतो, आकाशातून येतो, आपल्या शरीरातही असतो, असं मी समजावलं. तेव्हापासून दाढी करताना ते आरशातल्या माणसाकडेही तिरकं पाहू लागले.

आणि अशा माणसाच्या बायकोला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडिन द्यायचं ठरवलं. हॉस्पिटलातून घरी आल्यावरही मामींनी काही दिवस वेगळ्या खोलीत राहायचं होतं, कुणी फार जवळ जायचं नव्हतं. आता मामा काय करतील, या धास्तीने मी त्यांना बोरिवलीला आमच्याकडे बोलावलं.

"का?" मामांनी संशयाने विचारलं. "ती आत आहे ना? मग मी बोरिवलीत काय करू?"

दुसऱ्या दिवशी गेलो, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरावर, पॅसेजच्या टोकाला खुर्ची टाकून मामा बसले होते. ते यंत्र कुठे दिसत नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं आणि आत पलंगावर मामी.

"घाबरू नको गं," मामा मोठ्याने सांगत होते. "आतल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आयोडिनचा झेनॉन होतो. आठ दिवसांत निम्मं. त्यापुढच्या आठांत उरलेल्याचं निम्मं. काही शरीर स्वतःच बाहेर टाकतं."

"होऊ दे हो काय व्हायचं ते," आतून मामी म्हणाल्या. "तुम्ही चहा घेतलात का?"

किरणांचं बोलून झालं, मग गप्पांत मामींचं मालवणकडचं माहेर निघालं, मग ज्या स्थळाला नकार देऊन त्यांनी मामांना होकार दिला होता ते स्थळ. मामा तासन् तास विचारत होते आणि मामी हसत होत्या.

मामी आता बऱ्या आहेत. परवा गेलो तेव्हा मामा पेपरात तोंड घालून बसले होते. मामी पोहे घेऊन आल्या, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "मी बाहेर आले आणि माझ्यापुढे हे परत पहिल्यासारखे गप्प झाले. अजून थोडे दिवस मला आत ठेवलं असतं ना, तरी चाललं असतं."