बासरला जाऊन आलेली हार्ड डिस्क

आज नव्या हार्ड डिस्कचं खोकं उघडलं, तो कोरा प्लास्टिकचा वास आला आणि पंचवीसेक वर्षांपूर्वीचा राग पुन्हा उसळला.

तेव्हा आदिलाबादेत लग्नपत्रिका टाइप करून देण्याचं माझं दुकान होतं. कॉम्प्युटर इतका भरलेला, की नवी पत्रिका ठेवायला जुनी पुसावी लागे. दोन महिने वाट पाहिल्यावर हैदराबादहून मोठी डिस्क आली. सकाळी जोडायला गेलो, तर टेबल रिकामं! संध्याकाळी बाबा बासरच्या सरस्वतीच्या देवळातून परतले. रुमालात डिस्क, तिच्यावर ओलं हळदकुंकू, पिनांमध्ये अक्षता.

"बाबा, काऊन नेली तुमी?" मी ओरडलो.

"अक्षरंच ठेवाची हायेत ना तिच्यात? तुले बी पयलं अक्षर गिरवाले सरस्वतीपाशीच नेलं होतं."

ती डिस्क कधी चालूच झाली नाही. आठवडाभर मी बाबांशी बोललो नाही.

आजची डिस्क जोडली आणि लगेच चालू झाली. तरी पहिली फाइल ठेवायला हात धजेना. शेवटी चिडतच उठलो, देवघरातून कुंकू आणलं आणि तिला लावलं. कोरडं, आणि वायरच्या जागेपासून चांगलं लांब.