साहेबांच्या लॉगिनवर सुटलेलं पार्सल

रंगनाथराव गाढेकर साहेबांची आणि माझी पहिली भेट एका फाटलेल्या कोटावर झाली. फौजेतली नोकरी संपवून मी माजी सैनिकांच्या कोट्यातून कस्टममध्ये लागलो आणि मुंबईत परदेशी कुरिअरच्या शेडमध्ये हजर झालो. पहिल्याच दिवशी एक खोकं उघडताना मी चाकू असा फिरवला, की आतला कुणाचा तरी कोरा कोट बाहीपासून खिशापर्यंत फाटला. मागून आवाज आला, "सावकाश रे बाबा. लढाई न्हाई चालली इथं." ती बोली ऐकून मी गर्रकन वळलो आणि कोट सोडून आधी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठले?" ते म्हणाले, "तीर्थपुरी." मी घनसावंगीजवळच्या एका वाडीचा. पुढची दहा मिनिटं आम्ही आमच्याकडच्या मोसंबीवर बोललो. मग साहेबांनी मला बसवून कागदावर लिहायला लावलं की कोट तपासणीत, आमच्या हातून फाटला.

साहेबांना एकसष्ट वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या या पुस्तकासाठी गौरव समितीने माझ्याकडे चार चांगले शब्द मागितले. साहेबांबद्दल चांगले शब्द लिहायला काय लागतं? पण तीर्थपुरीत गेली तीन वर्षं एक गोष्ट बोलली जाते. गावच्या नामदेवअण्णांच्या मुलीला ज्या इंजेक्शनांनी मरणाच्या दारात नेलं, त्यांचं पार्सल कस्टममधून साहेबांनी सोडलं, आपल्या गावचं म्हणून सोडलं, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. ते पार्सल मी सोडलं. हे शेवटपर्यंत राखून ठेवण्याची ताकद आता माझ्यात नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो आणि मग सावकाश लिहितो.

आमचं काम काय होतं, ते आधी सांगायला हवं. पेप्टाइड नावाची एक चीज आहे. प्रथिनांचे बारीक तुकडे म्हणा. डॉक्टर लिहून देतात ती काही खरी औषधं याच जातीची असतात. पण आमच्याकडे यायची ती परवान्याशिवाय, कुठल्या तरी कारखान्यात केलेली पांढरी पावडर, करंगळीएवढ्या काचेच्या कुप्यांत भरलेली. वजन उतरवायला, दंड फुगवायला, चेहरा उजळायला. कुपीवर लिहिलेलं असायचं, 'फक्त संशोधनासाठी, माणसांना वापरण्यासाठी नाही'. मागवणारा असायचा जिमवाला किंवा ब्युटी पार्लर. कसलं संशोधन आणि कसलं काय!

हे अडवायचं कसं? पट्ट्यावरून पार्सलं धावत राहायची, त्यातली थोडी एक्स-रेच्या पडद्यावर नीट बघून व्हायची आणि त्याहून थोडी उघडली जायची. अंमली पदार्थ ओळखायचं आमचं यंत्र या पावडरीपुढे गप्प बसायचं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला की उत्तर यायला आठवडे लागायचे, आणि तेही कधीकधी 'आमच्याकडे तुलनेसाठी नमुना नाही' असं. कागदावरचा एखादा शब्द आम्ही संगणकाला संशयास्पद म्हणून शिकवला, की पुढच्या खेपेला तोच माल 'रंगद्रव्य', 'काचेचे मणी', 'सौंदर्यप्रसाधनाचा नमुना' होऊन यायचा. एक जप्त केलं तर विकणारा दुसरं फुकट पाठवायचा. दिवसभर ते काळं-निळं चित्र बघून डोळ्यांची आग व्हायची, आणि जेवायला बसलं की वाटायचं, आपण नेमकं काय करून राह्यलो?

एकदा मोठे अधिकारी पाहणीला आले. या तपासणीचा उपयोग किती होतो, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पकडलेलं आम्ही मोजतो. गेलेलं मोजायला कुणीच न्हाई. म्हणून खरं सांगायचं तर माहीत न्हाई. माझा अंदाज विचाराल तर बहुतेक निघून जातं." मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. साहेब पुढे म्हणाले, "पण दारावर कुणी बसलेलं हाय एवढं कळलं तरी काही जण मागवत न्हाईत. आणि जे पकडतो त्याचा पत्ता त्या त्या जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाला त्याच दिवशी कळवला, तर खरं काम तिथं होईल. इथं निस्तं खोकं मिळतं, माणूस तिथं असतो." ती सूचना टिपून घेतली गेली. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

साहेबांची मात्र स्वतःची एक रीत होती. अडवलेल्या पार्सलच्या मालकाला नोटीस जायचीच, पण त्याआधी साहेब स्वतः फोन करत. दरडावणं नाही, काही नाही. एका बँकेतल्या गृहस्थांनी गुडघेदुखीसाठी कुप्या मागवल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं का?" ते म्हणाले, "नाही, व्हिडिओत बघितलं." मग अर्धा तास साहेब त्यांच्याशी स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत बसले. कोणती गोळी बाधली, कोणत्या व्यायामाने बरं वाटलं, जिना कसा चढायचा, सगळं! मागे फायलींचा ढीग आणि साहेबांचं हे चाललेलं. मी वैतागून घड्याळाकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचं पत्र आलं की मला माल नको, नष्ट करा. साहेबांनी ते पत्र मला दाखवलं आणि म्हणाले, "हे बघ, हे बराबर अडवलेलं पार्सल."

आता त्या दिवसाबद्दल. माझा पासवर्ड बंद पडला होता. नवा मिळायला दोन दिवस लागणार होते आणि पट्टा तर थांबत नाही. साहेबांना एका सुनावणीला जायचं होतं. ते म्हणाले, "माझ्या लॉगिनवर बस. पण जरा जरी शंका आली तरी थांबव. मी आल्यावर बघतो." हे नियमात बसत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण त्या शेडमध्ये नियमात बसून कुणाचं काम उरकलं असेल असं मला वाटत नाही.

दुपारी एक पार्सल आलं. कागदावर 'सौंदर्यप्रसाधनाचा नमुना'. पडद्यावर बारीक कुप्यांच्या ओळी, अगदी ठसठशीत. माझं बोट थांबवायच्या बटनावर गेलं होतं. तेवढ्यात मी पत्ता वाचला. तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. काय सांगू, ती तीन नावं वाचून माझा जीव हलला! सात महिने मी गाव बघितलं नव्हतं. दिल्ली, सुरत, लुधियाना वाचून वाचून डोळे विटले होते, आणि त्यात आपला तालुका. मनात आलं, आपल्याकडे कोण कशाला वाईट मागवतंय? असेल कुठल्या तरी पार्लरवाल्या ताईची क्रीम. बिचारीचं कशाला अडवायचं? मी पार्सल सोडलं. वर खूशही झालो. साहेब आले की गंमत म्हणून सांगायचं ठरवलं होतं, पण कामात विसरून गेलो.

ते पार्लर नामदेवअण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. अण्णा म्हणजे साहेबांचे शाळासोबती, कापूस आणि मोसंबी करणारे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधी थोडं बारीक व्हायचं म्हणून ती त्या पार्लरमध्ये इंजेक्शनं घेत होती. पावडर दूषित होती. विष रक्तात भिनलं. जालन्याच्या दवाखान्यात ती महिनाभर होती, त्यातले किती दिवस जीव टांगणीला होता ते अण्णांनाच ठाऊक. ती वाचली. लग्न मात्र मोडलं. मुलीला कसला तरी आजार आहे, असं तिकडच्यांनी ठरवून टाकलं.

पार्लरमधून खोकं जप्त झालं आणि खोक्यावरच्या नंबरावरून चौकशी आमच्या शेडमध्ये आली. संगणकावर नाव साहेबांचं, आणि ते नाव गावातही पोहोचलं. मी तडक त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चौकशीचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "तुझं प्रोबेशन कधी संपतंय?" मी म्हणालो, "पाच महिने आहेत." "मंग तू गप राहा. लॉगिन मी दिलं, तवा सही माझी." मी म्हणालो, "साहेब, असं कसं?" तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "मी सांगून राह्यलो ना! तुझे पोरं शाळेत हायत. माझे मार्गी लागलेत." आणि मी गप्प राहिलो. फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस मी, गप्प राहिलो. प्रोबेशन संपलं, तरीही गप्प राहिलो. साहेबांची बढती हातातोंडाशी आली होती, ती गेली. आहे त्याच पदावरून ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर माणूस मुंबईत राहिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. साहेब तीर्थपुरीला परत आले. नोकरीत असतानाही, अण्णांची मुलगी दवाखान्यात होती तेव्हा रजा काढून ते जालन्याला जाऊन बसत, अण्णा तोंड फिरवत, तरी बसत. गावी आल्यावर जीपने घनसावंगीला, रेल्वेने बदनापूरला, जिथे कुणी उभं राहू देईल तिथे जाऊन या कुप्यांबद्दल सांगू लागले. एका व्यायामशाळेत कुणी तरी म्हणालं, "आधी सोडायचं आन मंग शिकवायचं व्हय?" सगळे हसले. मी रजेवर गावी आलो होतो, म्हणून सोबत होतो. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि भाषण पूर्ण केलं. परतताना जीपमध्ये ते मला म्हणाले, "पोरं ऐकून घेतात रे, हसतात पण ऐकतात." मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी कार्यालयात लेखी जबाब दिला. त्याचं जे व्हायचं ते होईल. मग नामदेवअण्णांकडे गेलो. अण्णांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "निस्तं गावाचं नाव वाचून सोडलं?" मी हो म्हणालो. ते मला घराबाहेर काढतील अशी मनाची तयारी करून गेलो होतो. पण ते खाली बघत म्हणाले, "मी बी तेच केलं. जालन्याला कुठं जाते, पार्लरवाली आपल्या गावची हाय, तिच्याकडंच जा, असं मीच बोल्लो व्हतो पोरीला."  आता साहेबांकडे जायला त्यांचे पाय उचलत नाहीत. अण्णा, हे तुम्ही वाचत असाल तर जा. ते वाट बघत आहेत.

शेवटी कच्चा लेख घेऊन मी साहेबांकडे गेलो. सकाळची वेळ होती. त्यांनी चष्मा लावला आणि लाल पेन घेऊन कौतुकाचे शब्द खोडायला सुरुवात केली. 'निःस्पृह' गेलं. 'कर्तव्यकठोर' गेलं. 'आदर्श'वर तर दोनदा रेघ मारली. "हे कुणाबद्दल लिवलंस?" असंही वर विचारलं. पार्सलच्या मजकुराशी मात्र पेन थांबलं.

"हे छापू नको."

"साहेब, हे नसेल तर मला लेखच द्यायचा नाही."

"नोकरी जाईल तुझी."

"जबाब देऊन आलोय."

काकू, म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती, चहा घेऊन आल्या होत्या. आमचा चढलेला आवाज ऐकून त्यांनी कागद मागितला. साहेब देईनात, तेव्हा त्यांनी तो सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. साहेबांना म्हणाल्या, "मला तर सांगायचं व्हतं."

साहेब म्हणाले, "तू कुठं इचारलं?"

"काय इचारू? मला वाटलं तुम्हीच सोडलं. गावाची माया आली असंल, झाली असंल चूक. तीन वर्ष मी देवापुढं तुमच्यासाठी माफी मागून राह्यले!"

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. साहेबांनी चष्मा काढला. सगळ्या गावाचं ऐकून घेतलेला तो माणूस तेवढ्या एका वाक्याने पार हलला. घरातसुद्धा कुणी आपल्याला निर्दोष समजत नव्हतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि ते माझ्यामुळे. 

साहेबांना ठणठणीत तब्येतीची खूप वर्षं मिळावीत, त्यांचे गुडघे चालते राहावेत आणि त्यांचं बोलणं लोकांनी न हसता ऐकावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. काकूंना तर ती वर्षं हवीच आहेत. आता त्या रोज साहेबांची माफी मागतात, आणि साहेब म्हणतात, "अगं, पुरे आता, चहा कर."