शंभराचा वाटा

मला शेकडेवारी कधी कळली नाही. ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात मी वीसेक वर्षं नोकरी करते. महागाई भत्ता वाढल्याचं परिपत्रक दर वेळी माझ्याच टेबलावरून पुढे सरकतं, आणि तरीही अमुक टक्के म्हणजे हातात नक्की किती, हे मला शेजारच्या टेबलावर विचारावं लागतं. आमच्या घरात मात्र मी आकड्यांतली जाणकार. सरकारी नोकरी म्हणजे हिला आकडे कळणारच, असा माझ्या दोन्ही भावांचा समज आहे. मीही तो कधी खोडून काढला नाही, कारण कोणी आपल्याला हुशार समजत असेल तर गप्प बसणंच बरं वाटतं. त्याचे भोग मावशीने भोगले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता. मावशी आपलं शिवणयंत्र घेऊन आमच्या घरी आली ती कायमची. तिने लग्न केलं नाही. मालवणातल्या अर्ध्या बायकांची पोलकी शिवून तिने आम्हा तिघांना वाढवलं. आता दादा मस्कतला एका हॉटेलची कोठी सांभाळतो, धाकटा तुर्कस्तानात जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डर आहे आणि मी ओरोसला क्वार्टर्समध्ये राहते. मावशी मालवणात, बाजाराच्या मागे दोन खोल्यांत एकटी. डोळे अधू झाले तसं तिचं शिवणकाम सुटलं. आम्ही तिघं मिळून तिला दर महिन्याला ठरलेले पैसे पाठवतो. ती स्वतः कधी काही मागत नाही. लहानपणी आमच्यासाठी शेजारी उसनी साखर मागायलासुद्धा ती आम्हालाच पाठवायची, इतकं तिला मागणं जड जातं.

पैसे किती वाढवायचे हे नारळी पौर्णिमेला ठरतं. मावशी समुद्राला नारळ देऊन घरी आली की आम्ही सगळे फोनवर एकत्र येतो, एकमेकांचे चेहरे बघतो, आणि मावशी आपला फोन तसाच चालू ठेवून आतल्या खोलीत गेली की तिघंच बोलत राहतो. पूर्वी "वाढवूया थोडे" म्हणून एक आकडा ठोकून द्यायचो आणि मोकळे व्हायचो. पण चार वर्षांपूर्वी दादाच्या डोक्यात आलं की हे असं अंदाजपंचे नको. महागाई जेवढी, तेवढीच वाढ.

"खंयची महागाई?" धाकट्याने विचारलं, आणि तिथेच माशी शिंकली.

दादा म्हणाला, मस्कतला भाव फारसे हलत नाहीत. धाकटा हसायलाच लागला. "हंय हॉटेलवाल्यांनी दर छापूचे बंद केल्यानी. पाटयेर खडून लिवतत, पुसतत, परत लिवतत." पगार वाढला म्हणून मिठाई वाटावी तर मिठाईच वाढलेली, असं त्याचं चाललं होतं. त्याच्या गावच्या महागाईने मावशीचे पैसे वाढवले असते तर ती वर्षभरात मालवणची राणी झाली असती. दादाच्या गावच्या महागाईने वाढवले असते तर तिला बसभाड्यापुरतेही मिळाले नसते.

मग दादाने फोनवर कुठूनशी सगळ्या जगाची यादीच काढली. कुठल्या देशात महागाई किती, खालपासून वरपर्यंत. तो देशांची नावं घेत होता आणि मी "हां, हां" करत होते. मध्येच तो म्हणाला, "एका देशात उणे आसा."

"उणे म्हणजे? दुकानदार सामान देवन वर पैसे देता काय?" मी विचारलं.

धाकट्याला हसता हसता ठसका लागला. दादाने समजावलं की तिथले भाव उतरलेत. हे मला बरं वाटलं, पण तो म्हणाला की असे भाव उतरणंसुद्धा म्हणे वाईट. आता काय म्हणावं! भाव चढले तरी वाईट, उतरले तरी वाईट. पुढे तो म्हणाला की तुर्कस्तानात महागाई गेल्या खेपेपेक्षा कमी झाली आहे. धाकटा उखडला.

"कमी खंय झाली? कालच पाव वाढलो!"

"दर कमी झालो रे, भाव नाय," दादा म्हणाला. "घाटात एस्टीचो वेग कमी जाता, म्हणान एस्टी मागे येता काय?"

हे मला अगदी लख्ख समजलं. फोन ठेवला आणि दहा मिनिटांत पुन्हा नाहीसं झालं. नवऱ्याला समजावून सांगायला गेले तर एस्टी तेवढी आठवत होती.

शेवटी दादानेच तोडगा काढला. मावशी मालवणात राहते, तर तिची महागाई मालवणातच मोजायची. ती खाते काय? भात, मासे, नारळ. तांदूळ रेशनचा, नारळ दारातल्या माडाचा. राहिले मासे. "तू दर वर्षी वाट्याचो दर तेवढो सांग," दादा मला म्हणाला. "तुझां कामच तां."

मला कोण अभिमान वाटला. जगाची यादी एकीकडे आणि आमचा वाटा एकीकडे.

वाटा म्हणजे काय ते सांगायला हवं. मालवणच्या बाजारात मावशी ज्या बाईकडून मासे घेते, ती काटा वापरत नाही. पुढ्यातल्या फळीवर ती माशांचे लहान लहान ढीग लावते. एक ढीग म्हणजे एक वाटा. गिऱ्हाईक ढिगावर बोट ठेवतं, घासाघीस होते आणि ढीग पिशवीत जातो. माझ्या दारात ओरोसला स्कूटरवाला येतो, तो काट्यावर मोजून देतो. त्याचा दर मात्र सारखा वाढत होता आणि मी त्याच्याशी कडाकडा भांडत होते. आज वाटतं, त्याच भांडणात सगळं उत्तर होतं. पण मी त्याला लुटारू समजत होते, महागाई समजत नव्हते.

पहिल्या वर्षी मी मावशीला फोन केला. "मावशे, बांगड्यांचो वाटो कितक्याक?"

"शंभराक."

पुढच्या वर्षी, "शंभराक." तिसऱ्या वर्षीही तेच, वर "आणि कितक्याक असतलो?" असा उलट सवाल.

दादा थक्क झाला. सगळ्या जगात भाव चढतायत आणि मालवण आपलं जागच्या जागी! त्याने हॉटेलात सोबतच्या लोकांना हे कौतुकाने सांगितलं. धाकटा म्हणाला, मी गोदी सोडून गावी येतो. मी कार्यालयात चहाच्या वेळी विषय काढला. शेजारच्या टेबलवाली म्हणाली, "असं कसं होईल?" तर मी तिला एस्टीचा दाखला दिला, तोही उलटा. तीन वर्षं आम्ही मावशीच्या पैशांत एक रुपया वाढवला नाही, आणि आपण अगदी हिशेबाला धरून वागतोय अशा समाधानात राहिलो.

मी महिन्यातून एकदा मावशीकडे जाते, पण जेवायच्या वेळेला पोचते. ताटात दोन बांगडे, सोलकढी, भात. त्यावरून कळायचं तरी काय?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कार्यालयाच्या कामासाठी सकाळीच मालवणला जावं लागलं. काम लवकर उरकलं, म्हणून मावशीला न कळवता बाजारातून चालले होते. मासळीच्या फळीपुढे एक बाई वाकून उभी होती. पाठमोरी मला ती ओळखूच आली नाही. ती वळली, तेव्हा कळलं की मावशी.

मला बघून ती दचकली. चोरी पकडल्यासारखी. मी फळीकडे पाहिलं. प्रत्येक वाट्यात चार बांगडे होते, आणि तेही बोटभर. मला आठवत होता तो वाटा आठ बांगड्यांचा, आणि वर एक फुकटचा, कारण मावशीने त्या मासेवाल्या बाईच्या लेकीची पोलकी शिवली होती.

"ह्यो कसलो वाटो?" मी विचारलं.

"शंभराचो," मासेवाली म्हणाली. "बाय, दीडशे सांगलंय तर गिऱ्हाईक पाठ फिरवता. शंभर सांगलंय तर घेता. मगे मी काय करू? दर तसोच ठेवतंय, मासे काढतंय."

मावशीने वाटा उचलला नाही. ती पलीकडे गेली आणि सुकटीचं लहानसं माप घेतलं. माझ्याकडे बघून पुन्हा मागे आली, आणि मग तिने वाटा घेतला. तेव्हा मला कळलं की तो माझ्यासाठी होता.

घरी ती चुलीपुढे वाकली, तेव्हा मला तिच्या पोलक्याची पाठ दिसली. अंग उतरलं तसं ते दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं होतं. एक शिवण जुनी, तिच्या आत दुसरी नवी. आणि दोन्ही वाकड्या. जिच्या हाताखालून आयुष्यात कधी वाकडी शिवण गेली नाही, तिने अधू डोळ्यांनी, हातसुईने, आपलं पोलकं दोनदा लहान केलं होतं. मला इतका राग आला की रडूच फुटलं. राग तिचा होता की माझा, हे तेव्हाही कळलं नाही.

"मावशे, सांगूक काय झाला होता तुका?"

"काय सांगू? तू इचारलंस वाटो कितक्याक. मी सांगलंय शंभराक. खोटां खंय बोललंय?" बांगडे उलटत ती म्हणाली. "मासे किती, तां तू कधी इचारलंस?"

तिने माझ्या ताटात दोन बांगडे वाढले.

"आणि त्या धाकट्याचो पाव रोज वाढता. फोनार सांगत होतो मां? तो बिचारो थंय काय खाता असात, म्हणान मी गप रवलंय. माझां काय, एकट्याचां."

म्हणजे नारळी पौर्णिमेचं आमचं सगळं बोलणं तिने आतल्या खोलीतून ऐकलं होतं. जगाची यादी तिनेही ऐकली होती, आणि त्या यादीत आपण सगळ्यात खाली आहोत असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी भावांना फोन लावला. वाट्यातले मासे मोजून सांगितले. मग दादा हळूच म्हणाला, "कोठीत बिस्किटांचो पुडो तोच, दर तोच, आतली बिस्किटां कमी. माका ठाऊक होतां गो. मालवणातय ह्यांच असात, असां वाटला नाय." धाकटा म्हणाला, त्याच्याकडे तर भावही वाढतो आणि पावही हलका होतो.

मग आम्ही हिशेबाला बसलो. आठाचे चार झाले. धाकटा म्हणाला, म्हणजे पन्नास टक्के. दादा म्हणाला, नाही, शंभर टक्के, कारण तेच आठ मासे घ्यायला आता दुप्पट लागतात. मला दोघांचंही पटलं. एकाच बाजारात, एकाच फळीवर दोन महागाया कशा असतील, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि मासे लहान झाले ते कशात धरायचे, हे दादाने पुढच्या नारळी पौर्णिमेवर ढकललं. आम्ही पैसे दुप्पट केले. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, "इतके कित्याक? माका काय सोनां खावचां आसा?"

आता मी न सांगता जाते. फोनवर दर विचारत नाही, कारण ती "आठ मासे, बरे मोठे" असं बिनदिक्कत ठोकून देईल, आणि मला ते खरं मानायची सवय आहे.

परवा गेले तेव्हा ती दारात माडाखाली वाकून झावळं ओढत होती. मी मागेच उभी राहिले. पोलकं तेच होतं. आतली शिवण तिने उसवली होती, कापडावर नुसती भोकांची रांग उरली होती. बाहेरची शिवण अजून तशीच होती.