घरून भांडून आला का?

पॅराशूट पॅक करणाऱ्यांची आठवण लोकांना कधी येते? ते उघडलं नाही तरच! त्यामुळे आमचे किस्से आमच्यातच साचत गेले. निवृत्त होऊन चंद्रपूरला परतलेले आम्ही दोघं-तिघं चहाला बसलो की तेच निघतात. त्यातले निम्मे आमच्या पॅकिंगच्या खोलीच्या हेडचे, रहीमभाईंचे.

*

नवीन माणसाला भाई आधी जुन्या वैमानिकांची गोष्ट सांगायचे. पहिल्या महायुद्धात बऱ्याच जणांना पॅराशूट देतच नसत. साहेबांना भीती, की हे लवकर उडी मारतील आणि विमान वाया जाईल!

एकानं विचारलं, "मग भाई, विमान पेटलं तर?"

भाई म्हणाले, "विमान दुसरं बनते, बाबू. त्याच्या मायले दुसरा पोरगा कोण देईन?"

त्या दिवशी त्या नव्या माणसानं एकच घडी चार वेळा मोडून घातली.

*

भाईंचा नियम एकच. सकाळी दारातच विचारायचे, "घरून भांडून आला का?" हो म्हटलं की, "जा, चहा पी. डोकं थंड झाल्याबिगर दोरीले हात लावू नको!"

माझं नवीन लग्न झालं होतं. महिनाभरानं माझी चामोर्शीची बायको म्हणाली, "तुमी तिथी कामाले जाता का चहा प्याले?"

*

खोली बंद करताना कात्र्या मोजायच्या. एक कमी भरली की ती घडीत राहिली असेल म्हणून दिवसभराची सगळी पॅराशूटं उघडायची.

भाईंच्या भाचीच्या लग्नात कात्री सापडेना, तर त्यांनी नवरीच्या तिन्ही पेट्या उघडायला लावल्या. कात्री त्यांच्याच खिशात होती!

*

गेल्या वर्षी इथल्या धावपट्टीवर विमानातून उड्यांचा कार्यक्रम होता. भाईंची मुलगी नाझनीन एकटीनं पहिली उडी मारणार होती. आयोजक मानानं म्हणाले, "चाचा, लेकीचं पॅराशूट तुम्हीच पॅक करा."

भाईंनी कापड पसरलं, दोऱ्या सरळ केल्या आणि ते उठून उभे राहिले.

"माह्यानं नाई होत. आज मन जाग्यावर नाई."

अर्धवट पॅराशूट सोडून ते बाजूला झाले. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

तिथली पॅकर सुनीता पुढे आली. भाईंनी विचारलं, "बाई, घरून भांडून तं नाई आली ना?"

ती ओशाळली. "सासूसोबत थोडं झालं, चाचा."

पाऊण तासानं नाझनीन तणतणत आत आली. "अब्बा, विमान थांबून आहे! काऊन उशीर होऊन राह्यला?"

भाई सुनीताच्या कपात चहा ओतत होते.

"थांब, बेटा. बाईचा दुसरा कप व्हाचा आहे."