नयनाअक्कांचा गुणवंत

बंगलोरच्या येलहंका न्यू टाउनमध्ये आमच्या समोरच्या दारात नयनाअक्का राहतात. मी शिवलीला, मूळची निपाणीची. अक्का पुण्याच्या. माझ्या मराठीत कन्नड शिरतं आणि अक्कांच्या कन्नडमध्ये पुणं शिरतं, त्यामुळे आमचं दोघींचं बोलणं खालच्या वॉचमनला नीट कळत नाही आणि आमच्या नातेवाइकांनाही नाही. आम्हाला मात्र कळतं.

अक्कांना इथलं मराठी मंडळ ओळखतं ते गणपतीतल्या नाटकामुळे. दरवर्षी नाटक त्या बसवतात. पैसे नाहीत, नट नाहीत, तालमीला जागा नाही, तरी नाटक होतं. जो मोकळा असेल त्याला त्या पकडतात. एका वर्षी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथचा कारखाना चालवणाऱ्या विठोजींना त्यांनी नारद केलं, कारण त्या आठवड्यात फक्त त्यांच्याच कारखान्यात वीज नव्हती. विठोजी जन्मात स्टेजवर चढले नव्हते. पण त्यांनी वीणा अशी धरली की पुढची दोन वर्षं लोक रस्त्यात त्यांना ‘नारायण नारायण’ म्हणायचे.

अक्कांचे यजमान पद्माकर. मी त्यांना भावजी म्हणते. विमानांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. अक्कांच्या एकाही नाटकात त्यांनी काम केलं नाही. पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी आल्यावर प्रकाशयोजनेतल्या चुका सांगायचे.

गेल्या वर्षी भावजींचा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, पण घरात बसून त्यांचं डोकं फिरायला लागलं. कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर समान का नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा महादेवपुऱ्याहून त्यांचा मुलगा क्षितिज आला आणि त्यानं वडिलांच्या लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. फुटबॉलचा, पण चेंडू आपण मारायचा नाही. आपण क्लबचे मॅनेजर. कुणाला विकत घ्यायचं, कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं ते ठरवायचं, आणि मग सामना होताना बघत बसायचं.

“म्हणजे माझंच काम,” अक्का म्हणाल्या.

ते ऐकून क्षितिजनं हसत हसत दोघांनाही क्लब दिले. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं खेळायचं. हॉलंडमधली दुसऱ्या पातळीची लीग. भावजींनी विचार करून तिथला सगळ्यांत श्रीमंत क्लब निवडला. अक्कांनी समुद्राकाठचा एक क्लब घेतला, कारण त्याच्या शर्टाचा रंग त्यांच्या एका जुन्या इरकलीसारखा होता. नंतर कळलं की त्या क्लबकडे खेळाडू घ्यायला दमडी नव्हती.

“आता?” मी विचारलं.

“आता काय, मोकळे कोण आहेत ते बघू.”

आणि मोकळे होते. ज्यांचा करार संपलाय आणि नव्या क्लबनं घेतलं नाहीये, असे शेकडो. फ्री एजंट म्हणतात त्यांना. क्लबला काही द्यावं लागत नाही, फक्त त्या माणसाला पगार ठरवून द्यायचा. भावजी सतरा-अठरा वर्षांची पोरं आलेख काढून निवडत होते. आणि शेजारी बसून अक्का चौतिशी-पस्तिशीतल्या बेकारांची चौकशी करत होत्या. हा कधीपासून घरी आहे? याआधी कुठे होता? याचा स्वभाव काय लिहिलाय?

“नयना, त्याचा वेग बघ. वीसपैकी पाच. तो धावणार कसा?” भावजी म्हणायचे.

“धावायला कशाला पाहिजे? मागे उभा राहील. राजाच्या दरबारात मागे उभं राहायलासुद्धा माणूस लागतो.”

अशात त्यांना गुणवंत सापडला. मूळ नाव गुन्नार, आइसलंडचा, वय छत्तीस, उंच, बचावफळीतला. आडनाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. वर्षाहून जास्त काळ तो घरी बसला होता. त्याच्याविषयी लिहिलं होतं, ‘नेतृत्व उत्तम’. अक्कांनी त्याला बोलावलं. त्याच्या एजंटनं असा पगार मागितला की अक्का खुर्चीत मागे रेलल्या.

“बरं आहे हं,” त्या स्क्रीनला म्हणाल्या आणि बोलणी मोडून टाकली.

भावजींना आठवड्याला तीनदा व्यायाम द्यायला चंदन यायचा. फिजिओथेरपिस्ट, इथल्या बंगलोरमधल्याच शिवाजीनगरचा, आणि फुटबॉलवेडा. त्यानं अक्कांना गुपित सांगितलं. “आंटी, स्वल्प वेट माडी, थोडं थांबा. क्लबांनी एकमेकांचे खेळाडू घ्यायची मुदत संपते ना, त्यानंतरही फ्री एजंट घेता येतो. आणि जितके दिवस घरी बसेल तितका त्याचा आवाज खाली येतो.”

अक्का थांबल्या. मुदत संपली. त्याच आठवड्यात भावजींचे दोन बचावपटू जखमी झाले. दुकान बंद, त्यामुळे नवे विकत घेता येईनात, आणि रस्त्यावरचे घेणं त्यांना कमीपणाचं वाटत नसलं तरी त्यांच्या आलेखात बसेना. इकडे गुणवंत अर्ध्या पगारावर आला. त्याच्या पाठोपाठ पोर्तुगालचा एक टक्कल पडलेला गोलकीपर आला आणि घानाचा एक मिडफिल्डर, ज्याला तीन क्लबांनी स्वभावामुळे काढलं होतं.

“नटसंच झाला,” अक्का म्हणाल्या.

सुरुवातीला हा नटसंच सपाटून हरला. मग हळूहळू रंगात आला. मध्यंतरात खेळाडूंशी काय बोलायचं ते त्या खेळात निवडता येतं. भावजी दर वेळी ‘अपेक्षा पूर्ण करा’ असं सांगायचे. अक्का हरत असतानाही ‘तुमच्यावर विश्वास आहे’ हेच निवडायच्या. कॉर्नर मिळाला की गुणवंत मागून लांब ढांगा टाकत यायचा आणि डोक्यानं गोल करायचा. नाताळपर्यंत तळाचा क्लब गुणतक्त्याच्या मधोमध येऊन बसला. माझं भाजी चिरणं आता त्यांच्याच डायनिंग टेबलावर व्हायला लागलं होतं, कारण सामने चुकवणं मला जमेना.

आणि मग खेळातला जानेवारी आला.

मी अळूच्या वड्या घेऊन गेले तर घरात चिडीचूप. अक्का लॅपटॉपसमोर, भावजी पाय स्टुलावर ठेवून पेपरात तोंड घालून. स्क्रीनवर बातमी होती: गुणवंतनं पुढच्या मोसमासाठी करार केला होता. भावजींच्या क्लबशी. अक्कांनी त्याला एकाच मोसमासाठी घेतलं होतं, आणि करार संपायला सहा महिने उरले की दुसरा क्लब त्याच्याशी फुकटात बोलणी करू शकतो. हा नियम भावजींनी वाचला होता. अक्कांनी नव्हता.

“अहो, हे तुम्ही कधी केलंत?”

“माझ्या पाळीत.”

“मी इथे शेजारी बसलेली असताना?”

“तू शेंगा सोलत होतीस. नयना, नियमात बसतं ते. आकडे सांगतात की कॉर्नरवर त्याच्याइतका...”

“तुमचे आकडे तुमच्याजवळ ठेवा.”

अक्का उठल्या आणि आत गेल्या. मी वड्या ठेवून त्यांच्या मागे गेले. मला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण त्या पलंगावर बसून पदराशी चाळा करत होत्या.

“गुणवंताचं नाही गं,” त्या म्हणाल्या. “खेळ आहे तो, कळतं मला. पण लग्नानंतर पुण्यात माझं नाटकाचं काम चांगलं चाललं होतं. राज्य स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. तेव्हा ह्यांनी बंगलोरच्या नोकरीसाठी होकार कळवून टाकला आणि मला सांगितलं सामान बांधायच्या वेळी. तेव्हाही मी शेजारीच होते.”

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

त्यानंतर घरात अबोला. चहा, जेवण, औषधं, सगळं वेळेवर, पण शब्द नाही. निरोप्या मी. “शिवलीला, त्यांना सांग, पाणी गरम झालंय.” “शिवलीला, तिला सांग, मला ऐकू आलं.” दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर. खेळ मात्र बंद पडला नाही. भावजींची पाळी संपली की ते लॅपटॉप न बोलता सरकवायचे, अक्का न बघता ओढून घ्यायच्या.

मोसमाचा शेवटचा सामना नेमका या दोघांचाच आला. भावजींना बरोबरी मिळाली असती तरी त्यांचा क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता. अक्कांना ना मिळवायचं होतं ना गमवायचं. शनिवारची दुपार. मी मद्दूर वडे घेऊन हजर. चंदननं भावजींचा व्यायाम मुद्दाम त्याच वेळेला लावला होता.

“आंटी, गुणवंतला बसवा,” तो अक्कांच्या कानाशी म्हणाला. “तो आता अंकलचा माणूस. मन लावून खेळणार नाही.”

अक्कांनी गुणवंतला घेतलं. कॅप्टन त्यालाच ठेवलं.

“माझ्याकडे आहे तोवर माझा आहे,” त्या म्हणाल्या. अनेक दिवसांनी त्या माझ्यामार्फत न बोलता खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या होत्या.

सामना कंटाळवाणा झाला. भावजींची पोरं सुसाट धावायची आणि अक्कांच्या बुजुर्गांवर आपटून परत यायची. शून्य-शून्य. भावजी पाय उचलून धरण्याचा व्यायाम करता करता घड्याळ बघत होते. शेवटची काही मिनिटं उरली आणि अक्कांना कॉर्नर मिळाला. चेंडू आला, गुणवंत उठला, आणि गोल.

भावजींचा पाय हवेत तसाच राहिला.

“अंकल, लेग केळगे इळिसी,” चंदन म्हणाला. “खाली घ्या. दुखेल.”

अक्का फक्त “बरोब्बर” म्हणाल्या आणि एक वडा घेतला.

भावजींचा क्लब खालीच राहिला. मी मनात म्हटलं, आता अबोला पावसाळ्यापर्यंत लांबणार. पण सोमवारी भावजींनी लॅपटॉप उघडला. मग त्यांनी हाक मारली. मला नाही.

“नयना. इकडे ये जरा.”

अक्का पोळ्या लाटता लाटता तशाच उठून आल्या. स्क्रीनवर क्लबच्या संचालक मंडळाचं निवेदन होतं. एवढा खर्च करूनही क्लब वर न गेल्यामुळे मॅनेजरला पदावरून दूर करण्यात येत आहे. त्यांच्या सेवेबद्दल आभार.

“मला काढलं,” भावजी म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर सरकारी नोकरी केली, त्याला हे वाक्य उच्चारतानाच अवघड जात होतं. “न विचारता. न कळवता. माझा पुढच्या मोसमाचा आराखडा तयार होता. काहीतरी आधी सांगायला नको?”

अक्का लाटणं हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या, आणि एकदम त्या इतक्या हसल्या की लाटण्यावरचं पीठ लॅपटॉपवर सांडलं. भावजी आधी चिडले. मग त्यांना आपण आत्ता काय बोललो ते ऐकू आलं असावं. ते खाली बघत राहिले.

“पुण्याचं म्हणतेस ना तू,” ते हळूच म्हणाले. “शिवलीलेला सांगत होतीस. भिंती पातळ आहेत.”

“मग?”

“तू नको म्हणशील अशी भीती होती. म्हणून विचारलं नाही. तेव्हाही आणि आताही.”

“मी नको म्हटलं नसतं,” अक्का म्हणाल्या. “भांडले असते चार दिवस. मग आले असते.” आणि जरा थांबून, “गुणवंतासाठी मात्र नाहीच म्हटलं असतं.”

मी उठून घरी गेले. तिथे माझं काम उरलं नव्हतं.

गुणवंतचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. करार झाला होता, त्यामुळे तो त्या श्रीमंत क्लबात गेला. तिथे आता नवा मॅनेजर होता आणि त्याला हा सदतिशीचा गडी नकोच होता. महिनोन्‌महिने बाकावर बसवून त्यांनी त्याला मोकळं केलं. अक्का रोज बातमीवर नजर ठेवून होत्या. करार सुटल्याची बातमी आली त्याच दिवशी त्यांनी बोलावणं धाडलं, पण गुणवंतनं निवृत्ती जाहीर करून टाकली. अक्कांचा चेहरा पडला.

या वेळी नियम पुन्हा भावजींनीच वाचला, पण मोठ्यानं. “नयना, निवृत्त खेळाडूला प्रशिक्षक म्हणून घेता येतं. बघ, विचारून बघ. तुझी इच्छा असेल तर.”

गुणवंत आता अक्कांच्या क्लबात बचाव शिकवतो. भावजींनी दुसऱ्या क्लबांत अर्ज केले, एकानंही उत्तर दिलं नाही, आणि त्यांनी तो नाद सोडला. अक्कांच्या शेजारी बसून ते कॉर्नरच्या आकृत्या काढून देतात. अक्का त्यातल्या निम्म्या वापरतात.

गेल्या रविवारी चंदन आम्हा सगळ्यांना खरा सामना बघायला घेऊन गेला. मैदान लाल मातीचं, दोन कारखान्यांच्या टीम, प्रेक्षक जेमतेम. अक्का-भावजींपैकी कुणीही आयुष्यात मैदानावर फुटबॉल पाहिला नव्हता. भावजी काठी टेकत कडेकडेनं चालले आणि ऑफसाइड कुठे चुकला ते पंचाला सांगून आले. पंचानं त्यांना पाण्याची बाटली दिली आणि बसायला सांगितलं. अक्का पहिल्या हाफमध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये पिवळ्या शर्टातला, पोट सुटलेला एक गोलकीपर चेंडू सोडून बसला, सगळे त्याला शिव्या द्यायला लागले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि पुणेरी कन्नडमध्ये ओरडल्या, “परवा इल्ला अण्णा! मुंदे नोडी!” काही हरकत नाही, पुढे बघा.

गोलकीपरनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, हातमोजा वर केला, आणि पुन्हा जाळ्यासमोर जाऊन उभा राहिला.