चिकटवलेला ह

खरं सांगते, मला इंग्रजी शब्दांचा हेवा वाटतो. माणसांचा वाटतो तो वेगळा, त्याच्याकडे येतेच. 'नाइफ'मधला पहिला क एके काळी लोक म्हणत असत, मग म्हणेनासे झाले, आणि त्यासाठी त्या शब्दाला कुणी वर्गाबाहेर उभं केलं नाही. उलट न म्हटलेला तो क आजही पहिल्या जागेवर मानानं बसलाय आणि मी वर्षानुवर्षं मुलांकडून तो घोटवून घेतेय. 'डिफेन्स'चं डोकं उडालं आणि 'फेन्स' उरलं, ते लोणावळ्यातल्या प्रत्येक बंगल्याभोवती आहे. 'अक्यूट'चा अ गळला, 'क्यूट' झालं. 'इट' एवढासा शब्द, तोही कधीकाळी 'हिट' होता. त्याचा ह गेला आणि कुणाचं काही अडलं नाही.

माझा गेलेला ह मात्र सगळ्यांना ऐकू आला. बेडशाहून मी पुण्याच्या वसतिगृहात शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच जेवणाला म्हणाले, "आमी हितं बसू का?" टेबलावरच्या मुली अशा हसल्या की एकीच्या नाकात ताक गेलं. 'आम्ही'मधला ह आमच्याकडे काढतात आणि 'इथं'ला नेऊन लावतात, म्हणजे वाया काही जात नाही. पण हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आठवडाभर मी आरशासमोर 'आम्ही, आम्ही' घोकत होते. पुढे एम.ए. झाले, इंग्रजीची शिक्षिका झाले आणि लग्न होऊन कुसगावात आले.

इथे अंगणाच्या एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला थोरल्या जावेचं. त्या औंढ्याच्या, सातवी शिकलेल्या. मागच्या पडीक जागेत त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. भाकरी थापता थापता, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर त्या मुंबईच्या लोकांना सांगतात, "टॅच बाथरूम हाय. जेवणाची रेंजमेंट हाय. कोमोडेशन एकदम फस्क्लास." लोक येतात, त्यांच्या हातची भाकरी खातात आणि जाताना त्यांच्या गळ्यात पडतात. माझ्या गळ्यात इतक्या वर्षांत एकही विद्यार्थी पडलेला नाही. पडावा असं नाही, पण नाहीच पडलेला.

तेही मी गिळलं असतं. गिळता येत नव्हतं ते एकच. माझी मुलगी त्यांना मोठी आई म्हणते आणि मला मम्मी. मम्मी म्हणायला मीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

मुलगी पुण्यात भाषाशास्त्र शिकते. यंदा तिनं फोनवर सांगितलं की तिच्या प्रकल्पाचा विषय आहे, इंग्रजी शब्दांचे सुरुवातीचे उच्चार कसे गळतात. मला इतका आनंद झाला की मी माळ्यावरून एम.ए.च्या वह्या काढल्या, झटकल्या, ठळक अक्षरात यादी केली. मला एवढंच हवं होतं की शनिवारी लेक यावी, माझ्यासमोर बसावी आणि मला विचारावं.

शनिवारी ती आली. पिशवी ओट्यावर टाकली आणि थेट अंगण ओलांडून निघाली. मी मध्येच गाठून यादी पुढे केली तेव्हा म्हणाली, "मम्मी, हे सगळं पुस्तकात आहे गं. मला बोलणारं माणूस हवंय."

म्हणजे मी बोलणारं माणूस नव्हते! अंगाचा तिळपापड झाला. पंधरा मिनिटं कशीबशी काढली आणि विरजण मागायच्या निमित्तानं मी पलीकडच्या स्वयंपाकघरात गेले. घरात दोन वाट्या दही होतं.

चुलीजवळ जाऊबाई, शेजारी पाटावर माझी लेक, मध्ये ध्वनिमुद्रण चालू असलेला तिचा फोन. जाऊबाई रंगात येऊन एका पाहुणीची गोष्ट सांगत होत्या. "तिला म्हनलं, कोमोडेशन..."

"अकॉमोडेशन," मी दारातून म्हणाले.

"अकॉमोडेशन," त्यांनी मुकाट्यानं सुधारलं. पुढे 'टॅच' आलं, मी 'अटॅच्ड' म्हणाले. शिक्षिकेची सवय आहे, असं नंतर मी सगळ्यांना सांगितलं. सवय नव्हती. त्यांनी लेकीसमोर अडखळावं असं मला वाटत होतं, आणि त्या अडखळल्या. प्रत्येक इंग्रजी शब्दाआधी थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मग गप्पच झाल्या.

"मम्मी, जा ना तू," मुलगी म्हणाली. "तुझ्यामुळे मोठी आई बोलायची थांबलीय."

आणि माझा तोल गेला.

"लय शानी झालीस! म्या काय केलं गं? आल्या आल्या हितं येऊन बसतीस, माज्याकडं यायला पाय मोडत्यात व्हय? आमी काय मेलो? तुज्यासाठी चार दिस वह्या धुंडाळल्या, त्येचं काय न्हाई?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. जाऊबाईंनी ती उलटली आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "आली गं, बेडश्याची पोरगी आली," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. एकवीस वर्षांत तिनं मला असं बोलताना ऐकलं नव्हतं. फोन चालूच होता.

संध्याकाळी ती आपणहून आमच्या घरात आली आणि माझ्यासमोर बसली, मला हवी होती तशीच. फोनवर तिनं माझं ते भांडण लावलं. त्यातली बाई माझ्या आईसारखी बोलत होती. मुलीनं ते दोनदा ऐकवलं.

"हे तू मला का नाही दिलंस?" तिनं विचारलं. रागावली नव्हती. "बोल ना माझ्याशी असं. काहीही बोल, मी लिहून घेते."

मी तोंड उघडलं. "आम्ही लहान असताना," म्हणाले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. वाक्य जिभेवर येईपर्यंत नीट इस्त्री होऊन येत होतं. मुलगी पेन धरून वाट बघत होती. मला दिलासा द्यावा म्हणून हसलीही.

तेवढ्यात अंगणापलीकडून हाक आली, "ये गं, गरम भाकरी हाय. मम्मीलाबी आन."

"चल," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, तू हो पुढे. ती पेनाला टोपण लावून गेली.

मी दार लोटलं आणि आरशासमोर उभी राहिले. हळूच 'आमी' म्हणायला गेले, निघालं, "आम्ही." पुन्हा म्हणाले. "आम्ही."